कडक चिठ्ठी

आप्पा, परवा शूटिंगसाठी सोलापुरात आले होते आणि तुमच्यावर चाळीस वर्षं धरलेला संशय तिथं पाच मिनिटांत फिटला. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून टीव्हीवर यायची होते, त्यामुळं आधी माझं काम सांगते. मी बायकांना खेळ खेळवते, प्रश्न विचारते, आणि शेवटी काचेच्या पिंपात हात घालून एक चेंडू काढते. त्यावर जिचं नाव तिला मोठं बक्षीस. तेरा वर्षं हेच चाललंय. लोक म्हणतात, बाई किती हसतमुख. हसते खरी, पण डोळे भलतीकडंच असतात. कोणता कामगार कुणाच्या वहिनीला खूण करतोय, कोण पिंपाच्या फार जवळ उभं राहतंय. खेळाआधी पिंप मी स्वतः उलटं करून बघते, एकेक चेंडू चाचपते. निर्माता म्हणतो, ताई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. एकदा त्यानंच हळूच सुचवलं होतं, त्या कोपऱ्यातल्या बाई छान रडतात, त्यांचं नाव निघालं तर भाग गाजेल. मी माईक काढून त्याच्या हातात दिला आणि चपला घालायला लागले. तेव्हापासून तो विषय बंद. सगळ्यांना वाटतं हा माझा स्वभाव. मी मात्र मनात म्हणायची, स्वभाव कसला, बापानं लावलेली सवय.

शुक्रवार पेठेतला आपला बोळ, गणपतीचे दिवस. तुम्ही दिवसा कारखान्यात मागावर, संध्याकाळी मंडळाच्या माईकवर. तुमचा आवाज लागला की नवी पेठेतून बाजार करून येणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. त्या वर्षी बायकांची सोडत होती आणि बक्षीस शिलाई मशीन. नियम तुमचाच. 'जिची चिट्टी तिनंच लिवायची, तिनंच घडी घालायची. मागनं तक्रार नको.' चिठ्ठ्यांची पितळी घागर आदल्या दिवशी तोंडाला फडकं बांधून आपल्याच घरात ठेवली होती. चिठ्ठी काढायला मी, नऊ वर्षांची, नवा परकर नेसून. तुम्ही माईकवरून सांगताय, 'तळापासनं ढवळ पोरी, देवाला दिसतंय.' मी ढवळते. सगळ्या चिठ्ठ्या मऊ, आणि एकच पापडासारखी कडक. माझ्या हातात आली ती तीच. तुम्ही नाव वाचलंत. तुमच्याच कारखान्यात सुताला खळ लावायच्या कामावर असलेली, पलीकडच्या बोळातली बाई. तिचा रिकामा डबा कधीमधी तुमच्या सायकलला लटकून यायचा, तीच.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसून सहज म्हणाले, 'आई, ती चिठ्ठी कडक होती. बाकीच्यांसारखी नव्हती.' आईचा हात परातीत थांबला. 'कडक म्हंजे? खळ लावल्यागत?' मी मान हलवली. आई म्हणाली, 'मग खूण केली हुती की.' घागर आपल्या घरात, खळ तुमच्या कारखान्यात, आणि डबा तुमच्या सायकलला. दुसऱ्या दिवशी नळावर तीन बायकांना कळलं, म्हणजे बोळाला कळलं. मंडळाची माणसं तोंडावर काही बोलली नाहीत. 'आप्पा, जरा घशाला आराम द्या की,' एवढंच म्हणाली आणि माईक दुसऱ्याकडं दिला. तुम्ही 'बरं' म्हणालात. घरी येऊन हातपाय धुतलेत आणि जेवायला बसलात. त्यानंतर तुम्ही माईक हातात घेतला नाहीत, माझ्या लग्नातसुद्धा नाही. आईशी कधी भांडला नाहीत, मला कधी काही विचारलं नाहीत. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. खरा माणूस असा गप्प बसतो होय?

परवा शूटिंग संपल्यावर एक म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढं आली. 'वळखलं न्हाय व्हय? मशीनवाली मावशी मी.' माझी हनुवटी धरून म्हणाली, 'तुज्या हातानं लई दिलं बघ मला. दोन पोरींची लग्नं केली त्या मशीनवर.' मी माझ्या सवयीनं तिचे डोळे बघत होते. सरळच विचारलं, 'मावशी, तुमची चिठ्ठी कडक कशी होती?'

ती गोंधळली. मग हसली. 'आसंल की. कामावरनं तशीच आलते, कोपरापत्तुर खळ. हात धुवायला येळ कुटं हुता? कसंबसं नाव लिवलं, घडी घातली न् टाकली घागरीत. वाळली आसंल.' मग म्हणाली, 'का गं? त्याच्यानंतर बायका माज्याशी बोलायच्या बंद झाल्या. मला वाटलं, मशीनसाटी जळत्यात.'

मी तिच्या तोंडावर लबाडी शोधली, आप्पा. धंदाच आहे माझा. सापडली नाही. मी तिला काही सांगितलं नाही. तिच्या पाया पडले आणि गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, निघायचं का, तेव्हा कुठं मी गाडीचं दार ओढून घेतलं. तुमचा माईक गेला, आणि त्याच आवाजावर आज मी पोट भरते. लोक म्हणतात, आवाज बापाचा घेतलाय.

हे शूटिंगच्या कागदांच्या पाठीमागं लिहितेय. आता घडी घालून पर्समध्ये ठेवीन, दुसरं काय करणार. पण एक राहिलंय, ते मावशीला कळलेलं नाही आणि आईला तर मी कधीच सांगितलं नाही. घागरीत हात घातल्यावर ती कडक चिठ्ठी मला आधीच लागली होती. मला ती चमत्कारिक वाटली म्हणून मी सोडून दिली. मग तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. मला वाटलं, तीच काढ म्हणताय. म्हणून मी तळापासनं ढवळल्यासारखं केलं आणि तीच शोधून काढली. त्या दिवशी सोडतीत लबाडी झाली होती आप्पा, पण ती मी केली.