जाळीला टेकलेली आजी

तीर्थरूप मामांस,

नमस्कार. राग शिल्लक असेल तर नमस्कार बाजूला ठेवा, पण पत्र वाचा. राजधानीत, होनियारात, लेकीकडे तब्येत बरी आहे ना? तिथली सुपारी फार कडक असते म्हणे. दात सांभाळा (उरलेले). इकडे मामी ठणठणीत आहे. तुमचं नाव निघालं की टारोचे कंद जरा जोरात सोलते, एवढंच.

तर आपल्या ओढ्यावरच्या विजेचं सांगतो. बंधाऱ्यासाठी तुम्ही तुमच्या कुळाचा डोह दिलात, आणि उद्घाटनाला फीत कापली पाद्री जोसेसनं! तुम्हाला साधं पुढं या म्हटलं नाही, हे आमचं चुकलंच. तुम्ही पिशवी उचलून बोटीत बसलात आणि दुसऱ्याच दिवशी गावातले दिवे गेले. (काहींनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला. मी नाही जोडला. म्हणजे, मोठ्यानं नाही.)

वर जाऊन बघतो तर काय! पाणी आत घेणाऱ्या जाळीला तुमच्या कुळाची आजी, ती जुनी, सापासारखी लांब, जाडजूड वाम मासळी, अंग टेकून निवांत पडलेली. पाणी अडलं, वीज करणारं चाक थांबलं. आता तिला हात कोण लावणार? तुमचे पूर्वज तिच्यात. डिवचलं तर दंड म्हणून कुळाला डुक्कर द्यावं लागतं, आणि ते घ्यायचं ज्यानं, तो कुळाचा वडीलधारा तिकडे रुसून बसलेला. माझी आई तुमची बहीण खरी, पण मी पडलो बापाच्या कुळातला. माझं ती कशाला ऐकते? तरी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, अगदी तुमच्यासारखा घसा खाकरला आणि हाक मारली. आजीनं तोंड फिरवलं. माझी बायको अजून हसतेय. मग पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि सोबत डब्यातला मासा ठेवला. आजीनं मासा खाल्ला, हलली मात्र नाही. शहरातून इंजिनिअर आला, म्हणाला, "काठीनं ढकला की!" अख्ख्या गावानं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा जेवायलाही थांबला नाही.

आता पुन्हा रॉकेलचा धूर, आणि दवाखान्यातल्या लसी पलीकडच्या गावी. मामी म्हणते, "बरं करते म्हातारी. घरचं माणूस न सांगता निघून गेलं तर दुसरं काय करील?" (हे ती आजीबद्दलच बोलत असावी.) तेव्हा मामा, या आणि तिला हाक मारा. फितीच्या चुकीचं डुक्कर पाद्रीबाबांनी द्यायचं ठरलंय. फीत नवी आणलीय. कात्री तुमच्याच हातात.

तुमचा भाचा,
सालेआ

ता.क. रागावू नका, पण आजी परवाच आपणहून डोहात परतली. दिवे लागलेत. हे तुम्हाला अजिबात कळवायचं नाही, असं गावानं एकमतानं ठरवलंय.

आणखी एक. "मी सांगितलं म्हणून लिहू नकोस," असं मामीनं दोनदा बजावलंय, म्हणून माझ्याच मनानं लिहितो. तुमच्या घराला मिळालेला एकुलता एक दिवा तिनं बाहेर, तुमच्या बसायच्या जागेवर लावलाय, आणि स्वतः चुलीच्या उजेडात जेवते. का गं, विचारलं तर म्हणाली, "बोटीवरून वर येताना त्यांना पायाखालचं दिसत नाही हल्ली."