हॉलमधली गरम जमीन

मी, सुहासिनी प्रकाश घैसास, वय सहासष्ट, राहणार अल मनखूल, दुबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि माझ्याच मनाने लिहीत आहे. गुरुवारी गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर ‘रूटीन’ म्हणतात, पण मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून ओट्यापाशी उभी राहूनच लिहिते.

१. पुण्याच्या फ्लॅटमधला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक मुलगी आभा व मुलगा अंकुर यांना समान. भांडलात तर बघा.

२. पाटल्या आभाला. पुरणयंत्र जाऊबाई मुग्धाकडे आहे. कित्येक होळ्या झाल्या, ‘उद्या आणते’ चालू आहे. ते तिलाच दिलं असं समजावं, म्हणजे तिला झोप लागेल.

३. हॉलमधल्या जमिनीविषयी. एसीच्या गारव्याने माझे गुडघे धरतात. म्हणून माझे पती प्रकाश यांनी जमिनीखाली तापणारी तार घालायचं ठरवलं. घर भाड्याचं, सोडताना जसंच्या तसं परत द्यायचं, म्हणून आम्ही इथे खिळासुद्धा विचारून ठोकतो. त्याने मूळ फरशीवर प्लायवूड पसरलं, त्यावर तार, त्यावर नव्या फरश्या. मला लवकर ऊब मिळावी म्हणून ॲडेसिव्ह सुकायच्या आत, दुसऱ्याच दिवशी बटण दाबलं. लाकूड तापलं की आकसतं, दमट हवेत फुगतं. फरशी काही त्याच्याबरोबर ताणली जात नाही, मग ती सुटणारच. आभा तेव्हाच म्हणाली होती, “बाबा, वुड मूव्ह्ज. टाइल्स डोन्ट.”

“अगं, दोन वर्षांत आपण पुण्याला जाणार, खलास. तेवढं टिकेल.”

हे तो अंकुरच्या बारशापासून म्हणतोय.

आता निम्म्या फरश्या डुगडुगतात, कडा वर आल्यात. तो दर रविवारी एखादी पुन्हा चिकटवतो. शेजारच्या शहनाझने विचारलं, “भाईसाब, ये सब निकाल क्यों नहीं देते?” तर म्हणाला, “सुहासिनी के लिए बनाया है।”

याचीच मला धास्ती आहे. मी परत आले नाही, तर तो माझी आठवण म्हणून ही जमीन तशीच ठेवेल आणि घरात एकटा असताना ठेचकाळून पडेल. सबब, ही सगळी जमीन उखडल्याशिवाय माझ्या मालमत्तेतली फुटकी कवडीही कुणाला मिळू नये.

४. वरचं कलम प्रकाशने माझ्या खांद्यावरून वाचलं. नवऱ्याची साक्ष नको, असं मी म्हटल्यापासून तो इथेच घुटमळत होता.

“तुला आवडली नव्हती?”

“खूप आवडली होती. तरी काढ.”

तो पटाशी घेऊन हॉलमध्ये उकिडवा बसला. मध्येच डोळे पुसत होता. धूळ गेली म्हणाला. मी सही करायची थांबले.

आता सगळं निघालं आहे. खालची फरशी गार आहे, गुडघे ठणकताहेत. कलम तीनमधली अट पूर्ण झाली, म्हणून ती खोडते. मला या घरी परत यायचं आहे, हेही इथे लिहून ठेवते.

सही: सुहासिनी प्रकाश घैसास
आमच्यासमोर सही झाली: १. शहनाझ (शेजारी) २. रामचंद्र नाईक (प्रकाशचे ऑफिसातले जुने सहकारी)
अल मनखूल, दुबई. मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५