वरच्या चाळीतला की खालच्या

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काशी सांगून गेली आणि माझा भात करपला.

काशी माझी जाऊ. हिच्या पोटात काही राहत नाही. दारात उभी राहून म्हणते, "ठमे, तुझी रुचिता काल नाक्यावर एका पोराच्या मागे गाडीवर बसली होती. हात खांद्यावर." मी म्हटलं, कामावरचा असंल कोणी. तर म्हणे, "तिला वळणावर उतरवली नि पोरगा सरळ तुझ्या गेटात शिरला. तुझा भाडेकरू हाय तो."

तोंड बघितलं का? नाही. हेल्मेट होतं. काळी गाडी.

आमच्या दोन चाळी. मिठागर बंदरात गेलं, भाताची जमीन गेली. त्या पैशात माझ्या नवऱ्याने, दयारामने, उरल्या जागेत खोल्या बांधल्या. वरच्या चाळीत नेपाळी, खालच्या चाळीत विजापूरकडचे लमाणी. मधे नळ. काळी गाडी दोघांकडे — वर मनमायेचा सुजन, खाली सोनाबाईचा धर्मा. बाकीची पोरं एक तर शाळेत, नाही तर लग्न झालेली.

म्हणजे या दोघांतला एक.

१३ नोव्हेंबर

विचारलं. मी आडून विचारणारी बाई नाही.

रुचिता केसांना क्लिप लावत होती. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, साडेआठला निघते. म्हणाली, "व्हय, हाय एक. लगीन करायचं हाय."

"कोण?"

"नाव न्हाय सांगणार. सांगितलं की तू चप्पल न घालता त्याच्या दारात जाशील, नि सगळी चाळ गोळा करशील. जरा थंड हो, मग सांगते."

"वरच्या चाळीतला की खालच्या?"

"आई, डबा दे."

डबा दिला. झाकण एवढं जोरात लावलं की माझंच बोट चेमटलं.

मला पोरीची नाही, दयारामची भीती. तो ट्रेलर घेऊन नागपूरकडे गेलाय. घरी असता तर काय झालं असतं? दयाराम गावकीत बसतो. दुसऱ्यांच्या पोरींचे निवाडे करतो. पोर जातीबाहेर गेली की त्या घरचं जेवण बंद, त्या घरच्या हळदीला कोणी जात नाही. आता हे त्याच्याच घरात. तो ओरडणार नाही, हे वाईट. तो गप्प बसतो. त्याचा आवाज चालतो मला, गप्प बसणं चालत नाही.

१५ नोव्हेंबर

झोप नाही. पण एक ठरवलं. ती सांगत नाही ना — मी बघते. लग्न ठरायच्या आधी पोरीकडच्या बायका घर बघायला जातात, तशी दोन्ही घरं बघायची. कुठला निघाला तर कमी वाईट, एवढं तरी कळू दे.

सकाळी नळावर स्टूल टाकून बसले. बारा वर्षं ही माणसं माझ्या डोळ्यासमोर आहेत, पण अशी कधी बघितली नव्हती. भाडं आलं, मोटर चालू केली, संडासाचं भांडण मिटवलं, झालं.

दोन्ही घरं एकाच वर्षी आली. सोनाबाईच्या माणसांकडे ताडपत्री होती आणि फावडी. मनमायेकडे पत्र्याची पेटी, कडेवर पोरगी आणि बोट धरलेला सुजन. सोनाबाईचा नवरा रस्त्याच्या कामावर माती टाकायचा. मनमायेचा नवरा बोटीवर खलाशी, अजून आहे.

आज? सोनाबाईचा नवरा मुकादम. स्वतःचा जेसीबी, धर्मा तो चालवतो. गावाला स्लॅबचं घर. हातात पाटल्या. पण पोरं नववीला शाळा सोडतात, पोरींना सतरा-अठराला उजवून टाकतात. भांडण तर असं की पाणी भरताना माझे कान बसतात.

मनमाया लोकांच्या घरी स्वयंपाक करते. पोरं इंग्लिश शाळेत. सुजन बारावीला पहिल्या नंबरात आला, पेढे घेऊन आली होती. पुढे कुठली तरी सरकारी परीक्षा द्यायची होती त्याला. दाखला पाहिजे म्हणाले. कुठला दाखला? तो तर आपल्या नळाच्या पाण्यावर मोठा झाला. पण कागदावर तो इथला नाही. मग यार्डात कंटेनर मोजायला लागला. रुचिताच्याच यार्डात. (धर्माचा जेसीबी पण त्याच यार्डात असतो. म्हणजे यावरून काही कळत नाही!)

मग पुढे कोण? पैशात सोनाबाई. शिकण्यात मनमाया. आणि झोप कुणाला लागते म्हणाल तर सोनाबाईला. तिचं रेशन इथलं, मत इथलं. कालपासून प्रचाराची पोरं खालच्या चाळीत चहा पितात. वरच्या चाळीत कोणी पायरी चढत नाही.

नेपाळी भाडं एक तारखेच्या आत देतात. मला ते चांगुलपण वाटायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

यंदाच्या लग्नांतली पहिली हळद. मी धवलारीण — आमच्या आगऱ्यांच्या लग्नात देवांना, झाडांना, वाडवडिलांना बोलावणारी गाणी मी म्हणते, मगच नवरीला हळद लागते. पंचवीस वर्षं झाली. आज मधेच दोन ओळी विसरले. नवरीच्या आत्याने आठवण करून दिली. नवरी माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्या जागी रुचिता दिसत होती. आणि नवऱ्याच्या जागी हेल्मेट.

नवरीचा भाऊ आठ वाजताच पिऊन खुर्चीवरून पडला. डीजे चालूच. कोणी उचलला पण नाही.

१८ नोव्हेंबर

खालच्या चाळीत गेले. सोनाबाई भाकऱ्या थापत होती. मी सरळ आत. मडक्यावरचं झाकण उघडलं, पाणी स्वच्छ. भांडी घासलेली. लोखंडी कपाट, फ्रीज, देवांची फळी भिंतीत ठोकलेली. बरं घर.

"धर्मा केवढा झाला गो?"

"सव्वीस." ती माझ्याकडे बघत राहिली.

"पितो?"

"पीत नाही असं कसं म्हणू, ताई. होळीला पितो."

"सून आली की भाकऱ्या कोण करणार?"

"सून."

"ती कामावर जाणारी असली तर?"

"मग कामावरून आल्यावर."

"आणि तू?"

"मी लय केल्या."

मला पटलं. खोटं तरी बोलली नाही. तेवढ्यात तिचा नवरा आला. दारातूनच ऐकत होता वाटतं. दोघं त्यांच्या भाषेत काही बोलले, दोघांची तोंडं उतरली. मग सोनाबाईने ताटलीत गूळ आणला. मी खडा तोंडात टाकला, पाणी प्यायले, उठले. बाहेर अख्खी चाळ दारादारात उभी. मालकीण आली म्हणून असेल, असं वाटलं.

१९ नोव्हेंबर

लिहायला बसले तरी हसू येतंय. नुसतं हसू नाही, अंगावरून धोंडा उतरल्यासारखं झालंय.

संध्याकाळी ओट्यावर चार जण आले. पुढे एक म्हातारा, पांढरा फेटा — नाक्यापलीकडच्या त्यांच्या वस्तीचा नाईक. मागे सोनाबाई पदर तोंडाला लावून. मी म्हटलं, आली भानगड.

म्हातारा म्हणाला, "ताई, काल चूक झाली."

"कसली?"

"तुम्ही गूळ खाल्ला."

"चांगला होता की."

"आमच्यात पोरीकडची बाई घरी येऊन पोराची चौकशी करती नि गूळ खाती, म्हणजे सोयरीक पक्की."

म्हणून काल अख्खी चाळ दारादारात उभी होती!

सोनाबाईचा नवरा पुढे झाला. "ताई, तुम्ही मालकीण. गूळ ठेवला नसता तर तुमचा अपमान. ठेवला तर हे असं. धर्माला पोरगी तांड्यावर ठरल्याली हाय. ही सोनी रात्रभर रडली."

"आणि नसती ठरलेली तर?" मी का विचारलं देव जाणे.

तो म्हाताऱ्याकडे बघू लागला. सोनाबाईच बोलली, पदराआडून. "तरी नको होती, ताई. रागावू नका. तुमच्या एका हळदीच्या खर्चात आमच्या दोन पोरींची लग्नं व्हतात. तुमच्या माणसांची जमीन गेली, पैसा आला, आता काम कोण करतं सांगा? आमचं पोरगं तुमच्यात बसून बिघडायचं."

माझ्याच ओट्यावर! माझ्याच खोलीत राहून! मी उसळले. "माझी पोरगी काय टाकून दिली का? कॉम्प्युटर चालवते ती."

"म्हणून तर," म्हातारा म्हणाला. "भाकरी कधी करंल?"

आम्ही त्यांना तोलतोय, आणि ते बारा वर्षं आम्हाला तोलतायत. परवाच्या हळदीतला खुर्चीवरून पडलेला माणूस डोळ्यासमोर आला. मग मी चौघांसमोर मोठ्याने म्हटलं, "सोयरीक नाही. गूळ नुसता खाल्ला. भूक लागली होती." म्हाताऱ्याने हात जोडले. सोनाबाईने पदर काढला, ती पण हसत होती.

तेवढ्यात रुचिता आली. काय झालं म्हणून विचारलं, आणि ऐकून पायरीवर बसून डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. "आई, धर्माला काय माझा नवरा करतेस गो? धर्मा न्हाय. सुजन."

सुजन. वरच्या चाळीतला.

मी बारीक तोंड करून म्हटलं, "त्याचं तर मत पण नाही इथे."

"मला त्याच्याशी लगीन करायचंय. त्याला निवडून न्हाय आणायचं."

रागवायचं होतं. जमलं नाही. खरं लिहायचं तर, तीन रात्री मनात मी सुजनच निघू दे म्हणत होते.

२० नोव्हेंबर

मतदान. खालची चाळ नटून गेली, सोनाबाई सगळ्या पाटल्या घालून. मी पण जाऊन आले. बोटाला शाई घेऊनच वर गेले, मनमायेकडे.

दार लोटलेलं. ओट्यावरची बातमी वर पोचली होती; आत गाठोडी बांधून ठेवलेली. पत्र्याची पेटी मधोमध.

"दीदी, दोन दिवस द्या. खोली खाली करते. पोराला गावी पाठवते. भाईसाबांना नका सांगू."

मी खोलीभर बघितलं. बारा वर्षांचा संसार आणि दोन गाठोडी, एक पेटी. कपाट नाही, फ्रीज नाही. भिंतीला खिळा पण नाही. पैसा नव्हता म्हणून नाही. उचलता येणार नाही असं तिने काही घेतलंच नाही. कोणी उद्या जा म्हटलं तर जाता यावं, म्हणून. आणि ते एक तारखेच्या आत भाडं — ते पण म्हणूनच. मला इतकी वर्षं कळलं नाही, मी तर रोज या दारावरून जाते.

"गाठोडं सोड," मी म्हटलं.

ती हललीच नाही. मीच बसले खाली आणि गाठ सोडवली. दात लावावे लागले. भांडी एकेक करून मांडणीवर ठेवली.

सुजन मागे शेगडीवर डाळ करत होता. माझ्याकडे बघायची हिंमत नाही, पळीच फिरवत राहिला.

"रोज तू करतोस?"

"आई कामावरून उशिरा येते, मावशी. मग मीच."

वाटीत डाळ दिली. तोंडाला लावायच्या आधी विचारून घेतलं, "हे खाल्लं म्हणजे तुमच्यात काही पक्कं होतं का?"

मनमाया पहिल्यांदा हसली. मग लगेच म्हणाली, "और भाईसाब?"

"त्याचं मी बघते."

बोलले खरं. जिना उतरताना आठवलं — डाळीत मीठ कमी होतं, ते सांगायचं राहिलं.

२२ नोव्हेंबर

दयारामचा फोन. गाडी परवा येते. मी नुसतं, जेवायला काय करू, एवढंच विचारलं. कसं सांगायचं त्याची शंभर वाक्यं मनात तयार केली, एकही तोंडातून नीट बाहेर पडेना.

२४ नोव्हेंबर, रविवार

दयाराम आला. जेवायला वाढलं आणि एका दमात सांगून टाकलं. सुजन, वरची चाळ, नेपाळी, मी हो म्हटलंय, तुला काय करायचं ते कर.

त्याने भात कालवला. म्हणाला, "मला गणपतीपासून माहीत हाय. गावकीत पण सांगून ठेवलंय, कोण काय बोलणार न्हाय. तुझंच तेवढं बाकी होतं."