नळदुर्गास नेमके कधी जावे याविषयी

मुक्काम सोलापूर, भवानी पेठ
भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८५६

राजमान्य राजेश्री यज्ञेश्वरराव, मुक्काम मोहोळ, यांच्या सेवेशी शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार.

प्रथम कळविण्याचे म्हणजे येथे कोणीही गेलेले नाही. गेल्या वर्षी आपणांस माझे ते पत्र आले, तेव्हापासून माझ्या अक्षरातले पाकीट दिसले की वहिनी ते उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि आपण अंगावर पंचा घेऊन मगच फोडता, असे मोहोळहून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले. तरी हे पत्र घरात घेऊन, पाटावर बसून, सावकाश वाचावे. आपला गुडघा कसा आहे? वहिनींच्या दम्यास पावसाळी हवा सोसते का? माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाक हातानेच करतो. भात रोज ठरल्या वेळी चुलीवरून उतरवतो. कधी तो शिजलेला असतो, कधी नसतो, पण वेळ चुकलेली नाही.

पत्रास कारण की, नळदुर्गचा किल्ला पाहण्यास नेमके कधी जावे, याविषयी आपला सल्ला हवा आहे. प्रश्न साधा दिसतो. चौदा वर्षांपूर्वी मलाही तो साधाच वाटला होता.

आपण तो किल्ला पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगतो. (मीही पाहिलेला नाही, असेच म्हणावे लागेल, पण त्याची माहिती माझ्याकडे पुष्कळ आहे.) किल्ल्यात नदीला आडवा बांध घातला आहे आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल म्हणून एक दालन आहे. पावसाळ्यात नदी भरली म्हणजे बांधावरून पाण्याचे दोन लोट खाली पडतात. एकास नर म्हणतात, दुसऱ्यास मादी. दालनाच्या गवाक्षाशी बसले की पाणी डोळ्यांसमोरून कोसळते आणि अंगावर थेंब येत नाही. आमच्या शेजारच्या गुरम्मा आमच्या लग्नानंतर दुसऱ्या पावसाळ्यात ते पाहून आल्या आणि ओट्यावर बसून आपल्या भगिनीला, म्हणजे माझ्या कुटुंबाला, म्हणाल्या, "अय्यो वैनी, पानी ह्ये असं म्होरं पडतंय, आन् पदर बगा, कोरडा की वो!" त्या संध्याकाळी मी जेवावयास बसलो असता तिने विचारले, "आपण कधी जायचं?" मी म्हणालो, "चौकशी करतो." ती चौकशी चौदा वर्षे चालली.

यात माझा आळस नव्हता, हे आपण तरी समजून घ्यावे. मी गिरणीत टाइमकीपर. हजार माणसे भोंग्याबरोबर आत येतात की नाही हे पाहणे माझे काम. तेव्हा एका माणसाने एका बाईस घेऊन एका धबधब्यापाशी योग्य वेळी पोहोचणे मला अवघड वाटू नये. पण वरच्या बाजूला पाऊस पडला तरच नदीला पाणी येते आणि पाऊस पडला की वाटेतले ओढे भरून मोटार बंद होते. ओढे उतरून मोटार सुरू होईपर्यंत बांधावरचे पाणीही उतरते. त्यात मला सुटी रविवारची, आणि पाणी बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी येते. हे मी अंदाजाने लिहीत नाही. मी त्याची वही ठेवली आहे. पहिल्या रकान्यात तिथी, दुसऱ्यात पाऊस, तिसऱ्यात नर, चौथ्यात मादी, पाचव्यात रस्ता. चौदा वर्षांत सर्व रकाने एकाच रविवारी जुळले असे एकदाही घडले नाही. आपली भगिनी ती वही कधी कधी दिव्याशी धरून वाचीत असे आणि म्हणे, "तुमची वही वाचूनच मला पदर ओला झाल्यासारखं वाटतंय."

एकदा मात्र जवळजवळ जमले होते. नळदुर्गच्या रस्त्याने रोज सर्व्हिस मोटार नेणारा धुळा म्हणून एक ड्रायव्हर आहे. माणूस भला, पण पाणी कसे आहे विचारले तर रोज "लई हाय की" एवढेच सांगतो. वैशाखातही त्याने तसेच सांगितले होते. म्हणून मी त्याच्याशी खूण ठरवली. दोन्ही लोट वाहत असले तर मोटारीच्या पुढच्या दांडीला तांबडे फडके बांधावे, एकच असेल तर पांढरे. संध्याकाळी मोटार गिरणीच्या फाटकावरून जाई, तेव्हा मी खिडकीतून पाहत असे. पुढे एका शनिवारी तांबडे दिसले. रविवारी पहाटे उठून आपल्या भगिनीने दशम्या केल्या, नवे इरकली लुगडे नेसली आणि आम्ही उजाडता मोटारीच्या अड्ड्यावर उभे राहिलो. धुळा आला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "कुटं निघाला मालक?" मी तांबड्या फडक्याकडे बोट केले. तेव्हा तो म्हणाला, "ती व्हय? ती आमच्या कारभारनीची चोळी हाय की! वाळत घातली हुती वाऱ्याला." दशम्या आम्ही घरी परत येऊन खाल्ल्या. आपली भगिनी खाताना मधूनमधून हसत होती. मी वहीत "चोळी" अशी नोंद केली, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

गेल्या आश्विनात तिला ताप आला. पुढचे आपणांस माहीत आहे. त्या पंधरवड्यात पाणी फार चांगले होते, असे वहीत दिसते.

आता जी गोष्ट आजवर बोललो नाही ती लिहितो. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना, हे आपणांस आठवत असेल. दोन तास आपण सर्व तळ्याच्या काठावर उन्हात उभे होतो. कावळे झाडावर पुष्कळ होते आणि त्यांना घाई नव्हती. जो तो पुढे होऊन काही ना काही वचन देत होता. मावशी रंभाबाईंनी तर आमच्या घरून नेलेला पाटा-वरवंटा परत करीन असे मोठ्याने कबूल केले, त्यामुळे तो कुठे गेला होता हे आम्हांस प्रथमच कळले. तरी कावळा येईना. शेवटी आपण पुढे झालात आणि हात जोडून म्हणालात, "सरू, तू सांगत होतीस ना, आजपासून तपकीर सोडली!" आणि कावळा खाली आला. सर्वांनी डोळे पुसले आणि आपली फार वाखाणणी झाली. परंतु यज्ञेश्वरराव, त्याच क्षणी मी मागे उभा राहून मनातल्या मनात म्हटले होते की, वर्ष पुरे होण्याच्या आत तुला नळदुर्गचे पाणी दाखवतो. माझे वचन कोणी ऐकले नाही, कारण मी ते कोणाला सांगितले नाही. दोहोंपैकी कावळ्याने कोणते मान्य केले हे मला सांगता येत नाही. तपकिरीवाचून आपला स्वभाव अलीकडे तिखट झाला आहे असे वहिनी लिहितात. तेव्हा या संशयाचा फायदा आपण घ्यावा, माझी हरकत नाही. पण माझ्यावरचे वचन मात्र त्यामुळे पक्के होते, आणि वर्षश्राद्ध आश्विन वद्य पंचमीस आहे.

अडचण अशी की वर्षाच्या आत सहल करीत नाहीत. मी आमच्या गुरुजींना विचारले. त्यांनी बराच विचार करून सांगितले की, सहल म्हणून जाऊ नये, गेलेल्या माणसाची इच्छा म्हणून जावे. मात्र तेथे गेल्यावर आनंद वाटू देऊ नये. हे मला जमेल असे मी त्यांना सांगितले.

त्याप्रमाणे श्रावणात पहिल्यांदा निघालो. सामान थोडे होते. (दशम्या मला येत नाहीत, म्हणून भाकरी आणि शेंगाची चटणी.) अर्ध्या वाटेवर ओढा भरलेला निघाला. आम्ही अकरा माणसे काठावर चार तास बसलो. पाणी तांबडे, फेसाळ आणि मोठे होते. दुपार झाली तेव्हा धुळा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मालक, नर म्हना, मादी म्हना, शेवटी पानीच की! हितंच बगून घ्या आन् चला माघारी." मोटारीतल्या इतर सर्व लोकांस हे रास्त वाटले. एका म्हाताऱ्याने तर ओढ्याला हात जोडून नळदुर्ग झाल्याचे जाहीर केले. मी तसे केले नाही. वचन ओढ्याचे नव्हते.

दुसऱ्यांदा गेल्या रविवारी गेलो. रस्ता मोकळा होता, निजामाच्या मोगलाईच्या हद्दीवरच्या जकातनाक्यावर भाकरीचे फडके सोडून दाखवावे लागले एवढेच, आणि साडेअकराला मी किल्ल्यात होतो. परंतु तेथे फक्त नर वाहत होता. मादी कोरडी होती. अर्धवट दाखवून वचन पुरे होत नाही, म्हणून मी तसाच पाठ फिरवली, दरवाज्यापाशी बसून भाकरी खाल्ली आणि परतीच्या मोटारीने आलो. धुळ्याने विचारले, "झालं का मनासारखं?" मी म्हटले, "वेळ चुकली." तो म्हणाला, "तुमची रोजचीच हाय की ती." मोटारीत बसून ड्रायव्हरशी वाद घालू नये.

आता प्रश्न असा आहे. येत्या रविवारी पौर्णिमा आहे. सोमवारपासून पितृपक्ष लागतो. गुरुजी म्हणतात पितृपक्षात प्रवासास निघू नये. मी म्हटले की ज्यांच्यासाठी जावयाचे त्यांचाच तो पक्ष आहे. त्यावर ते म्हणाले की त्या पक्षात पितरांनी आपल्याकडे यावयाचे असते, आपण त्यांना कोठे न्यावयाचे नसते. नवरात्रात गिरणीत हजेरी फार कमी असते, त्यामुळे टाइमकीपरला रविवारचीही सुटी मिळत नाही. दसऱ्यानंतर पाणी राहील अशी हमी धुळादेखील देत नाही, आणि तो सहसा कशाचीही हमी देतो. तरी येता रविवार बरा, की पितृपक्षातील एखादा, की दसरा झाल्याबरोबरचा, हे आपण पंचांग पाहून उलट टपाली कळवावे. आपले मत आले की वहीतील नोंदींशी ताडून पाहीन आणि मग ठरवीन.

वहिनींस नमस्कार. त्यांनी गौरीच्या सणाला पाठवलेला चिवडा पोहोचला. त्यांनी मला मुद्दाम काही लिहू नये, मी ठीक आहे. लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

आपला
शरच्चंद्र

ता. क. वर एक नोंद चुकीची झाली आहे, ती दुरुस्त करतो. गेल्या रविवारी दोन्ही लोट वाहत होते, आणि चांगले वाहत होते. मी गवाक्षापर्यंत गेलो होतो. अंगावर थेंब येत नाही हे खरे आहे. रस्ता, रविवार, नर, मादी, सगळे रकाने भरले होते. पण दाखवायचे म्हणजे "बघ" असे म्हणावे लागते, हे आधी माझ्या ध्यानात आले नव्हते. आपणांस ठाऊक आहे की मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. लग्नात एकदा नाव घेतले, तेही बायकांनी दार अडवून धरले म्हणून. पुढे सगळे "अगं"वर भागले. घरात एकच माणूस असल्यामुळे त्यात कधी घोटाळा झाला नाही. गवाक्षाशी मी हळूच म्हटले, "अगं, बघ." पुढे तिघी बायका उभ्या होत्या. तिघीही वळल्या. एकीने पदर सावरला, आणि दुसरी म्हणाली, "काय वो, कुनाला म्हनता?" पाठ फिरवली ती यामुळे.

दुसरी ता. क. आमच्या घरी लग्नात तिचे नाव बदलून दुर्गा ठेवले, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. निदान मी तरी नाहीच. आपण तिला लहानपणापासून सरू म्हणत आला आहात. त्या नावाला ती ओ देते. तरी येत्या रविवारी आपण यावे आणि त्या गवाक्षाशी उभे राहून "सरू, बघ" एवढे मोठ्याने म्हणावे. पाण्याचा आवाज फार होतो, पण आपला आवाज मोठा आहे. बायका वळून पाहू लागल्या तर पाहू देत, आपण भाऊ आहात. मी मागे उभा राहीन. पंचांग पाहण्याची तसदी घेऊ नये. शनिवारी संध्याकाळच्या गाडीवर मी स्टेशनात येतो. पाणी कमी असले तरी जाऊ.