विभाग क, रांग एकोणीस, जागा सात आणि आठ

मी, अर्डिथ मे स्टॉलवर्थ, वय चौऱ्याहत्तर, जिल्हा न्यायालयातली निवृत्त लेखनिक, राहणार पाइनी फोर्क, अलाबामा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी न सुचवता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुफ्फुसे तितकीशी नाहीत. एकतीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे टंकली; माणसे त्यात कुठे खोटे बोलतात ते मला माहीत आहे.

परवा, शनिवारी, बगळ्यांचा मोसमातला पहिला सामना आहे. निदान आज सकाळच्या वर्तमानपत्रापर्यंत होता. साथीमुळे तारीख तीनदा बदलली आहे. बगळे म्हणजे कोसाबा कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. इथे हे कोणाला सांगावे लागत नाही, पण न्यायाधीश बाहेरगावचा असू शकतो. डॉक्टरांनी मला जाऊ नको म्हणून सांगितले आहे. मी जाणार आहे. म्हणून आजच लिहिते.

१. सन १९९९ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर मुलीला दिले होते आणि माझा नवरा हॉयट याला गाडीची एक जुनी किल्ली. दुसरे काही नाही. कारण कलम पाचमध्ये आहे.

२. बँकेतली शिल्लक आणि माझ्या आईचे शिवणयंत्र माझी मुलगी रनेल हिला. ती ओरेगॉनमध्ये राहते. जुलैत फोनवर ती म्हणाली, "आई, अगं खेळच आहे तो एक." तरीही देत आहे, याची नोंद व्हावी.

३. मैदानाबाहेर सामन्याआधी डुकराचे मांस धुरावर शिजवण्याची माझी लोखंडी भट्टी पास्टर टली यांना. जुलैच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी मोसम व्हावा म्हणून अकरा मिनिटे प्रार्थना केली आणि मग आजाऱ्यांसाठी दोन. आजारी सतरा होते. पास्टरांना लांबवत शिजवत बसायची सवय आहे. भट्टी योग्य हाती पडेल.

४. डेल्मर प्यू याला काही देत नाही. तो सव्वीस वर्षे माझ्या मागच्या रांगेत बसतो, हल्ली मुखपट्टी हनुवटीवर बांधतो आणि तिच्यावर त्याने बगळ्याची चोच रंगवून घेतली आहे. साथ वॉर्डलॉ टेकने, म्हणजे आमच्या शत्रूच्या कॉलेजने, पसरवली असे त्याचे मत आहे. पण तो शेवटपर्यंत बसतो आणि सगळ्यांच्या चहाड्या करतो. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, आणि मला डेल्मरची साक्ष हवी आहे.

५. जागा सात आणि आठ. या आम्ही नवराबायकोच्या नावाने १९७१ मध्ये घेतल्या. कॉलेजचा नियम असा की जागा फक्त नवऱ्याकडून बायकोला किंवा बायकोकडून नवऱ्याला जाते. घटस्फोट झाला तर दोन्ही परत, आणि प्रतीक्षायादी एकोणीस वर्षांची.

नोव्हेंबर १९९८. वॉर्डलॉ टेक सतरा गुणांनी पुढे, चार मिनिटे बाकी. हॉयट उठला. "चल, नाहीतर गाड्यांच्या रांगेत अडकू." किल्ली त्याच्या खिशात होती. आम्ही गाडीपर्यंत चालत असताना पाठीमागे तीनदा गर्जना झाली. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "त्यांचंच काहीतरी असेल." तिन्ही वेळा आमचेच सात-सात गुण झाले होते; आम्ही चार गुणांनी जिंकलो. ते मी गाडीच्या रेडिओवर ऐकले.

हा माणूस माझ्या आईच्या दफनातून शेवटचे भजन व्हायच्या आधी निघाला होता. रनेलच्या पदवीदानातून स्टॉलवर्थ हे आडनाव पुकारायच्या आधी. तेव्हा मी काही बोलले नव्हते. त्या रात्री बोलले. तो हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. घटस्फोट घेतला नाही. कारण वर दिले आहे. पुढची एकवीस वर्षे आम्ही मोसमात सात शनिवारी शेजारी बसलो. मध्ये उकडलेल्या शेंगांची पिशवी. संभाषण: "सरक."

६. या जुलैत कॉलेजचे पत्र आले. एका घरातल्या माणसांनाच शेजारी बसता येईल, बाकीच्यांमध्ये सहा फूट. मी तिकीट कार्यालयात फोन केला. कार्लीन होती.

"अर्डिथबाई, तुमचं लग्न झालंय ना?"

"झालंय."

"मग पत्ते दोन कसे?"

"वीस वर्षांत तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं. म्हटलं, उगाच कशाला विचारा."

एक ऑगस्टला हॉयट आला. दोन शर्ट, कॉफीचे भांडे आणि घडीची खुर्ची घेऊन. मी विचारले, किती दिवस?

"मोसम संपेपर्यंत."

"आणि मोसम झालाच नाही तर?"

त्याने खुर्ची खाली ठेवली.

नऊ ऑगस्टला मला ताप आला. कुठून, ते माहीत आहे. कलम तीनमधल्या प्रार्थनेनंतरही दर रविवारी मी चर्चच्या पहिल्या बाकावर होते. मोसमासाठी. मला हसणाऱ्यांनी हसावे. मी खोलीचे दार लावून घेतले. रनेलने हॉयटला फोन केला. दार पातळ आहे.

"बाबा, तुम्ही निघा तिथून. वय बघा आपलं."

"अगं, आत्ताच तर बसलोय."

चौदा दिवस ती खुर्ची दाराबाहेर करकरत होती. सूप खारट होते. तो निघाला नाही.

७. कॉलेजने आणखी एक पत्र पाठवले आहे. जे येणार नाहीत त्यांनी पैसे भरून आपला फोटो द्यावा. माणसाएवढा पुठ्ठा कापून जागेवर उभा करतील. डेल्मरने आपल्या कुत्र्याचा दिला आहे. माझ्या मृत्यूनंतर माझा पुठ्ठा कोणीही करू नये. पुठ्ठा मध्येच उठून जात नाही, एवढाच त्याचा गुण. माझी जागा आठ रिकामी राहावी. शेंगांची पिशवी तिथे ठेवायला हरकत नाही.

८. घर. राहते घर, परसासह, माझा नवरा हॉयट स्टॉलवर्थ याला राहण्यासाठी, त्याच्या हयातीपर्यंत, नंतर रनेलला. अट एक. माझ्यामागे तो जागा सातवर बसेल तेव्हा सामन्याच्या घड्याळात शून्य होईपर्यंत बसेल, आपण कितीही गुणांनी मागे असलो तरी. माझ्या दफनालाही हेच लागू. आधी उठल्यास घर त्याच दिवशी रनेलचे, आणि हॉयटला किल्ली. ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला आहे. तो उठला की नाही हे डेल्मर प्यू सांगेल. विचारावे लागणार नाही.

यापलीकडे मला काही द्यायचे नाही व कोणाचे काही ऐकायचे नाही.

ठिकाण: पाइनी फोर्क, माझ्या घराचा पुढचा ओटा, साक्षीदार पायरीवर, सहा फुटांवर.
दिनांक: २४ सप्टेंबर २०२०.

सही: अर्डिथ मे स्टॉलवर्थ

साक्षीदार: १. डेल्मर प्यू (मुखपट्टी नाकापर्यंत चढवल्यावरच सही घेतली). २. कार्लीन ओट्स, तिकीट कार्यालय.

सहीनंतरची नोंद, त्याच साक्षीदारांसमक्ष: हॉयटने कलम आठ दोनदा वाचले. मग विचारले, "बरोबरी झाली तर? जादा वेळ धरून?"

धरून.

अ. मे. स्टॉ.