डावी करंगळी

३ जून, सोमवार
मिळाली! प्रथमोपचार खोलीच्या मागची खोली मिळाली! चौदा वर्षं या बाटल्यांच्या कारखान्यात नर्स म्हणून कापलेली बोटं बांधतेय. आता मनाचंही कोणी बघणार. समुपदेशक बाई दर गुरुवारी येणार. मॅनेजर म्हणाले, "महिनाभर बघू. कोणी फिरकलं नाही, तर तिथली खोकी परत आत."

घरी सांगितलं. हे त्याच कारखान्यात, भट्टीवर. हसले. "म्हणजे रडायची खोली! आमच्याकडे घाम, तुमच्याकडे अश्रू."

६ जून, गुरुवार
दोन खुर्च्या, धुतलेला पडदा. दारात नवीकोरी वही — नाव, विभाग, कारण. कोणी आलं नाही.

१३ जून, गुरुवार
आजही नाही! बाईंनी बसल्या बसल्या अख्खा मोजा विणला.

सुटताना पॅकिंगमधली चष्मेवाली वहीपाशी थबकली. "ताई, 'कारण' म्हणून काय लिहू? उगाच रडू येतं? ही वही सुपरवायझर येता-जाता चाळतो."

माझीच वही! रेघासुद्धा मीच आखलेल्या! कपाळावर हात मारला.

१४ जून, शुक्रवार
सुचलं! इथे काचेनं रोज कोणाचं तरी बोट कापतं. पट्टी बांधून घ्यायला आलेल्याला कोण विचारतंय? ज्याला बोलायचंय त्यानं गुरुवारी यावं, डावी करंगळी पुढे करावी. मी पट्टी बांधीन, मागचं दार उघडीन. बस्स!

वही फाडली. चष्मेवालीच्या कानात सांगितलं — म्हणजे पॅकिंगभर सांगितलं.

२० जून, गुरुवार
सात जण! सात!! चष्मेवाली पहिली. बाहेर आली ती चष्मा पुसत. "हलकं वाटतंय हो ताई." फोर्कलिफ्टवाला तर एवढा धिप्पाड, करंगळीला पट्टी पुरेना!

घरी यांनी विचारलं, "काय बोलतात गं आत?" म्हटलं, ते मलाही कळत नाही. आणि मग माझीच टकळी सुरू. हे पुढे काहीतरी म्हणत होते. राहूनच गेलं.

२७ जून, गुरुवार
अकरा! पट्ट्या संपल्या. सुरक्षा अधिकारी हादरून मॅनेजरकडे — "सगळ्यांच्या डाव्याच करंगळ्या कशा कापतात?" मला बोलावणं आलं.

"साहेब, एकही कापलेली नाही."

नावं सोडून सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "खोक्यांसाठी दुसरी जागा शोधतो. पट्ट्या जास्त मागवा."

मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले! या वयात!

४ जुलै, गुरुवार
सकाळी चहा गाळत होते. हे ओट्याशी येऊन उभे राहिले.

"आज गुरुवार ना?"

"हो. का हो?"

डावी करंगळी पुढे केली. "घरीच बांधून दे. तिथे तुझ्यासमोर उभं राहायला जमायचं नाही."

हात हातात घेतला. पट्टी गुंडाळली. कधीपासून बोलायचं होतं यांना?