संदेशचा पासवर्ड

४ नोव्हेंबर
आले एकदाची रत्नागिरीला! कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, आणि बंदराजवळ विमलाकाकूंकडे खोली. पहिल्याच जेवणात काकूंनी या सातारकरणीला बांगड्याचं तिखलं खाऊ घातलं. नाकाडोळ्यांतून पाणी, तरी दोनदा वाढून घेतलं. काकू मासळी विकतात, बोलतात कमी. रोज एक ताट जास्तीचं वाढतात म्हणे. ते मुलाचं, संदेशचं.

६ नोव्हेंबर
संदेश गेल्या वर्षी होडीसकट बेपत्ता झाला. देह मिळाला नाही. म्हणून काकूंनी त्याची वाडी, पितरांचा नैवेद्य, अजून दाखवलेली नाही. मेलेल्यांचं पान लेकाला कसं दाखवू, म्हणाल्या. शिमग्यात त्याने गायलेली गाणी एका हार्ड डिस्कवर आहेत आणि तिला पासवर्ड. काकूंना एकदा त्याचा आवाज ऐकायचाय. एवढं तर मी करीनच की!

८ नोव्हेंबर
सोपं नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली. दहा वेळा चुकलं की सगळं आपोआप पुसणार. रिकव्हरी की त्याच्या फोनमध्ये, फोन त्याच्याबरोबर समुद्रात. शाबास रे पठ्ठ्या! होडीचं नाव, जन्मतारीख, सगळं घालून पाहिलं. सहा संधी उरल्या. दिवेलागणीला वैतागून मोठ्याने म्हणाले, संदेश, बाबा, तूच ये आणि घाल. काकूंच्या हातातलं पातेलं पडलं. बुडालेल्याला तिन्हीसांजेला नावाने बोलवत नाहीत इथे. मला काय ठाऊक?

९ नोव्हेंबर
दुकानातून आले तर कीबोर्ड ओला. खारट. संधी पाच. काकूंना तर कॉम्प्युटर सुरूही करता येत नाही.

११ नोव्हेंबर
डिस्क कपाटात कुलूपबंद करून गेले होते. आले तर टेबलावर, जोडलेली. दोन उरल्या. चौकटीतली लपलेली अक्षरं उघडून पाहिली. त्याचंच नाव, तेही चुकलेलं.
त्यालाही आठवत नाहीये. मला भीती वाटते.

१२ नोव्हेंबर
काकूंना सगळं सांगितलं. डिस्क दुकानात नेते म्हटलं, नाहीतर आवाज कायमचा जाईल. त्या रडता रडता हसल्या. म्हणाल्या, आवाज कशाला गो, तो स्वतःच आलाय.
डिस्क त्यांनी नेऊ दिली नाही.

१३ नोव्हेंबर
एकच उरली. तिन्हीसांज. काकूंनी त्याचं ताट माझ्या टेबलावर ठेवलं, बाहेरून कडी घातली. त्याला आठवेस्तोवर जवळ बस म्हणतात —

डिस्कची वायर निघत नाही. गार हात — माझ्या हातावर —

डाव्या हाताने लिहितेय. उजवा त्याने घेतलाय. एकेक अक्षर दाबतोय. काकू दारापलीकडून त्याचंच गाणं म्हणताहेत, त्याला आठवावं म्हणून —

चूक आहे, संदेश. परत तेच नाव. अक्षरं पुसून टाक, नाहीतर तुझ्या आईला मग काहीच — एंटर नको, एंटर दाबू न